नाद कुणी लावला? (आणि एक घूं करणारा अ‍ॅम्प्लिफायर)

डावा_स्पीकर

मंडळी,

गेल्या आठवड्यात कोथरूडला काकूंकडे गेलो होतो. सख्ख्या नव्हेत. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात समोरच्या दोन खोल्यांत राहायच्या. वाडा पाडून बिल्डिंग झाली त्यालाही आता वीस वर्षं होतील. निघताना म्हणाल्या, "माळ्यावर ह्यांचं एक खोकं आहे, तेवढं घेऊन जा. भंगारात घालवत नाही, आणि आमच्या चिरंजिवांना त्यात काडीचा रस नाही." खोक्यात काय आहे ते उचलल्याबरोबर वजनावरूनच कळलं.

काका टेलिफोन खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की बनियनवर बसून व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे. सर्किटं मिळायची अप्पा बळवंत चौकातल्या रद्दीत, 'वायरलेस वर्ल्ड'च्या जुन्या अंकांत. १९८४ च्या मे महिन्यात त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळायला घेतला. हँड ड्रिल पाटाला आवळलेलं, त्यात लाकडी ठोकळा, आणि केसाएवढी बारीक तार. वेढे मोठ्यानं मोजायचे. मधेच काकूंनी "चहा टाकू का?" विचारलं की आकडा गेला! दोनदा असं झाल्यावर मला, वय वर्षं दहा, पाटी-खडू देऊन शेजारी बसवलं. दर शंभराला एक रेघ. दोन दुपारी त्यात गेल्या. अठ्ठावीस रेघा झाल्या, वर थोडे सुटे. तोवर वाड्यात कुणी शिंकलंही नसावं.

मग एका सकाळी तो सुरू झाला. पुणे केंद्र लावलेलं, प्रादेशिक बातम्या. निवेदिकेनं हातातला कागद उलटला आणि त्याची सळसळ मला ऐकू आली. आमच्या घरच्या रेडिओत बातम्या यायच्या, कागद कधी आला नव्हता. त्या सळसळीनं माझं वाटोळं केलं. तेव्हापासून पगारातला किती पैसा ह्या खोक्यांत गेला ते घरी सांगितलेलं नाही.

तर प्रश्न असा: तुम्हाला हा नाद कुणी लावला?

जाता जाता: तोच अ‍ॅम्प्लिफायर आता माझ्या टेबलावर आहे. ईएल८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह, मोनो. काल उत्साहाच्या भरात प्लग लावला. लागला! पण गाण्याच्या खालून सारखी घूं येते. काय करू?

---

ओहम्‌शांती

आधी प्लग काढ.

मग वाच. इतकी वर्षं माळ्यावर पडलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला कुणी सरळ २३० व्होल्ट देतं का? तुझ्या काकांनी तुला पाटी-खडू दिला, सिरीज बोर्ड नाही दाखवला? एक लाकडी फळी, एक होल्डर, त्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये सॉकेट. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. मी चाळीस वर्षं दुरुस्ती केली, त्या फळीशिवाय एकही सेट लावला नाही. (एलईडी बल्ब लावून मला विचारू नका. नाही चालत.)

दुसरं, आत साधारण ३०० व्होल्ट डीसी असतं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं. उघडायच्या आधी रेझिस्टन्स लावून ते उतरव, मीटरनं बघ, आणि तरीही एक हात खिशात ठेव.

घूं बहुतेक फिल्टर कपॅसिटरची, म्हणजे डीसी सपाट करणाऱ्या कपॅसिटरची. कोरडे पडले असणार.

नाद कुणी लावला ते सावकाश लिहितो. आधी हा पोरगा जिवंत राहू दे.

---

टपरीवरचा_टीकाकार

"पोरगा" पन्नाशीचा आहे हो काका :))

माझ्या बाबतीत उत्तर सोपं आहे. नाद शेजाऱ्यानं लावला. त्याचा आवाज बंद पाडायला माझा मोठा घ्यावा लागला.

---

नारायणपेठी_म्हातारा

धागा वाचून हात शिवशिवले. टायपिंग सावकाश होतं, सांभाळून घ्या.

आमच्याकडे वडिलांचा चावीचा ग्रामोफोन होता आणि साठ-सत्तर तबकड्या, ७८ फेऱ्यांच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी बारा वर्षांचा. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीच्या बाजूला पळालो. तिसऱ्या दिवशी परतलो तर घरात गुडघाभर चिखल. ग्रामोफोनच्या स्प्रिंगच्या डब्यात गाळ भरलेला, भोंगा सापडलाच नाही. तबकड्या लोखंडी ट्रंकेत होत्या. ट्रंकेतही पाणी शिरलेलं, पण बऱ्याचशा शाबूत.

धरणं गेल्यामुळे नळाला पाणी नव्हतं. विहिरीचं पाणी रांग लावून आणायचं आणि आईच्या शिव्या खात वडील त्यातलं अर्धी बादली तबकड्यांना वापरायचे. लाखेच्या त्या तबकड्या, धुऊन सावलीत उभ्या ठेवल्या तर वाजत होत्या. पण मधली कागदी लेबलं सगळी सुटून गेली. म्हणजे हातात साठ काळ्या ताटल्या आणि कुठली कुणाची, पत्ता नाही.

पुढे वर्षभरानं ग्रामोफोन दुरुस्त झाला तेव्हा वडिलांनी एकेक लावून ओळखायला घेतली. मी चावी देणार आणि पिन बदलणार. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू. "ऐक. आवाज कुणाचा ते राहू दे, आधी तंबोरा कुठे आहे ते सांग. लांब की जवळ?" असं चालायचं. ओळख पटली की पांढऱ्या तैलरंगानं मधे आकडा घालायचे आणि वहीत नोंद.

सगळ्यात सोप्या होत्या सगळ्यात जुन्या. कारण त्यांत गाणं संपताना गायिका स्वतःच आपलं नाव सांगते. गौहरजानचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं, तबकड्या दाबल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कुठली कुणाची हे कळावं म्हणून शेवटी नाव पुकारायची पद्धत. साठ वर्षांनी ती पुणेकरांच्या उपयोगी पडली.

अकरा तबकड्या शेवटपर्यंत ओळखल्या नाहीत. वहीत 'अज्ञात १' ते 'अज्ञात ११' अशा आहेत. वही माझ्याकडे आहे. नाद म्हणाल तर तो असा लागला.

---

प्रतिध्वनी

_/\_ काका, दंडवत. धागा इथेच वसूल.

---

जुना_बाजार

म्हातारेबुवा, त्या अकरा तबकड्या डिजिटाइज करून इथे टाका ना. एवढी मंडळी आहेत, चार-पाच तरी ओळखतील.

माझं सांगतो. मला कुणा एका माणसानं नाही, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारानं बिघडवलं. बुधवार आणि रविवार. वडील नळाच्या तोट्या आणि स्क्रू शोधायला जायचे, मला बोट धरून न्यायचे. एकदा त्यांनी एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर उचलला, बंद पडलेला, झाकणाला तडा. घरी आणून आम्ही तो तीन महिने उघडून ठेवला. जेवायच्या टेबलावर. वडिलांना इलेक्ट्रॉनिक्समधलं शष्प कळत नव्हतं. पण उघडायला घाबरायचं नाही, एवढं त्यांना येत होतं. "आधीच बंद आहे, आपण आणखी काय बंद पाडणार?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. शेवटी निघालं काय, तर एक तार तुटलेली.

फसलोही भरपूर. एकदा एका विक्रेत्याकडून "इंपोर्टेड" स्पीकरची जोडी घेतली, काय वजन होतं! घरी उघडली तर प्रत्येक पेटीच्या तळाशी सिमेंटचा गट्टू चिकटवलेला. वूफर तीन इंची, बाकी सगळी चित्रकला.

---

टपरीवरचा_टीकाकार

गट्टू ठेवलास की नाही? पार्किंगमध्ये गाडीला उटी लावायला बरा पडतो.

---

काळी_चार

सगळे बाप, काका आणि शेजारी! एकाही घरात आई नव्हती का?

माझी आई गाणं शिकवायची, एरंडवण्यात, घरीच. तिला वॅट, ओहम काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. १९८९ साली घरात टेप डेक आणि स्पीकर घ्यायचं ठरलं. बाबा माहितीपत्रकं गोळा करत बसले. आईनं पर्समध्ये स्वतःची एक कॅसेट टाकली आणि मला घेऊन बुधवार पेठेत गेली. पासोड्या विठोबाच्या आसपासची पाच दुकानं पालथी घातली. त्या कॅसेटवर गाणं नव्हतंच. तिच्या गुरुजींचा तंबोरा, नुसता, सहा-सात मिनिटं.

दुकानदार उत्साहानं बेस चढवून द्यायचा. आई म्हणायची, "तो कान आधी मध्यावर आणा." मग डोळे मिटून उभी. "चार तारा चार ठिकाणी ऐकू येतात का गं? खर्ज फुगतोय का? जवारी आहे, की नुसती माशी गुणगुणतेय?" चार दुकानांतून आम्ही काही न घेता बाहेर पडलो. पाचव्या दुकानातला माणूस तिची मान हलायची वाट बघत गप्प उभा राहिला. त्याच्याकडून घेतले. सर्वांत महाग नव्हते, सर्वांत मोठे तर नव्हतेच.

ह्यामागचं शास्त्र मला पुढे कळलं. काळी एकच्या पट्टीचा तंबोरा घेतलात तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्ज निम्म्यावर, ६९. चार इंची स्पीकरला तो ६९ नीट काढताच येत नाही. पण जवारीमुळे, म्हणजे तारेच्या त्या झणकारामुळे, तारेत वरचे स्वरांश इतके भरपूर असतात की त्यांच्यावरून कान खालचा खर्ज स्वतःच जोडून घेतो. म्हणून लहान पण स्वच्छ स्पीकरवर तंबोरा भरीव लागतो आणि मोठ्या ढबढब्या स्पीकरवर खर्ज फुगून बाकी तिन्ही तारा गिळतो.

आजही मी नवीन काही ऐकायला गेले की तीच फीत. आता फोनमध्ये आहे. दुकानात पोरं मला डेमोसाठी ढोलताशे लावून देतात, मी त्यांना तंबोरा लावायला सांगते, ते एकमेकांकडे बघतात.

---

डावा_स्पीकर

@काळी_चार ताई, "नुसती माशी गुणगुणतेय" हे वाक्य मी चोरणार आहे.

@ओहम्‌शांती काका, प्लग काढला. सिरीज बोर्ड बनवतोय. तारेचा बल्ब शोधायला तीन दुकानं झाली. देव्हाऱ्यातला शून्याचा चालेल का?

---

ओहम्‌शांती

नाही!! तो १५ वॅटचा असतो, त्यावर तुझा अ‍ॅम्प्लिफायर जांभईसुद्धा देणार नाही. ६० चा तरी आण.

---

साडेबावीस

मी इथला सगळ्यात लहान असेन बहुतेक. मला नाद हॉस्टेलच्या सीनियरनं लावला. माझ्याकडे तेव्हा फक्त इअरबड होते आणि मला वाटायचं, ह्यापलीकडे काय असतं. त्याच्या खोलीत एलएम३८८६ च्या दोन अ‍ॅम्प्लिफायर चिप, प्रत्येकी ६८ वॅट म्हणतात, तव्यासारखा हीटसिंक, आणि स्पीकर चक्क दोन माठांत बसवलेले. कुंभारवाड्यातून आणलेले माठ, तोंडावर प्लायची रिंग, त्यात सहा इंची. आत उशीचा कापूस. हसू नका, गिटार फार सुंदर वाजायची.

तो म्हणाला होता, "विकत घेतलंस तर विसरशील. बनवलंस तर कंटाळशील, पण विसरणार नाहीस." मी दोन अ‍ॅम्प्लिफायर जाळलेत आतापर्यंत. विसरलेलो नाही.

---

जुना_बाजार

माठ! आमच्या वेळी गल्लीगल्लीत हे असायचं. टीबीए८१० चा सात वॅटचा बोर्ड, गाडीतला कॅसेट प्लेअर आणि माठात स्पीकर. उन्हाळ्यात आजी विचारायची, "पाण्याचा कुठला आणि गाण्याचा कुठला?"

---

ओहम्‌शांती

माठाबद्दल हसण्यासारखं काही नाही. चौकोनी खोक्यात समोरासमोरच्या भिंतींत आवाज ठराविक लांबीला अडकून घुमतो. माठात समोरासमोर सपाट, समांतर भिंतीच नाहीत, आणि माती जड असल्यामुळे थरथरत नाही. तोटा एकच, हवेचा स्वतःचा एक सूर असतो, रिकाम्या बाटलीत फुंकल्यावर येतो तसा, तो तेवढा उठून दिसतो. कापूस त्यासाठीच. तुझ्या सीनियरला माहीत असो-नसो, त्यानं बरोबर केलं.

आता माझं. मी शिकलो तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात, १९७१ पासून. मालक बोलायचेच नाहीत. पहिलं वर्ष मी फक्त सेट उघडले, ब्रशनं धूळ काढली आणि स्क्रू मापाप्रमाणे वाट्यांत ठेवले. दुसऱ्या वर्षी सोल्डरिंग आयर्न हातात मिळालं. डाख देताना रोझिनचा धूर नाकात गेला की अजून मला ते दुकान दिसतं. ते सेट उघडायच्या आधी नुसता ऐकायचे. खरखर असेल तर पॉट (आवाजाचं फिरतं बटण) किंवा व्हॉल्व्हचा सॉकेट, ठोकल्यावर वाजला तर डाख सुटलाय, घूं असेल तर सप्लाय. मीटर सगळ्यात शेवटी. मला वाटायचं ही जादू आहे. पाच वर्षांनी मीही तसंच करायला लागलो आणि जादू संपली. पोट मात्र भरलं.

---

प्रतिध्वनी

मला कुणी काकाबिका नव्हता. छापील अक्षरानं नाद लावला. दहावीच्या सुट्टीत अमर बोसवर एक लेख वाचला. वडील ननीगोपाळ बोस बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून १९२० मध्ये अमेरिकेला पोचले. मुलगा फिलाडेल्फियात शाळकरी वयात रेडिओ दुरुस्त करायचा. युद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला तेव्हा त्या दुरुस्तीवर घराला हातभार लागला. पुढे एमआयटीत असताना १९५६ मध्ये त्यानं कागदावरचे आकडे बघून एक स्टिरिओ विकत घेतला आणि घरी लावल्यावर पार निराश झाला. आकडे उत्तम आणि आवाज भिकार, हे कसं? त्या एका चिडीतून १९६४ ला बोस कंपनी आणि १९६८ ला ९०१ नावाचा स्पीकर. नऊ सारखे छोटे स्पीकर, एक तोंडासमोर आणि आठ मागच्या भिंतीकडे. का, तर सभागृहात आपण ऐकतो त्यातला मोठा वाटा भिंतींवरून परतून आलेला असतो.

मला तो स्पीकर आवडतो की नाही हा मुद्दा नाही. आकडे चांगले आणि कान नाही म्हणतोय, तर दोष कानाचा समजू नये, हे सोळाव्या वर्षी कळलं ते बरं झालं.

---

टपरीवरचा_टीकाकार

आमच्याकडे मागच्या भिंतीला शोकेस आहे. आठ स्पीकर सासूबाईंच्या काचेच्या बाहुल्यांना ऐकवतील आणि एक आम्हाला.

---

काळी_चार

प्रतिध्वनी, इथे थोडी असहमत. बैठकीत गाणारा माणूस हाताच्या अंतरावर असतो. मला तंबोरा त्याच्या मागे हवाय, माझ्या चारी बाजूंनी नकोय. सभागृहाचं गणित बैठकीला लावू नये.

---

प्रतिध्वनी

मान्य. बोसचं डोकं सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सभागृहात होतं, बैठकीत नाही.

अवांतर: भारताशी संबंध असलेलं दुसरं नाव म्हणजे रे डॉल्बी. १९६३ ते ६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून तो चंदिगडला होता. तिथून गेला आणि १९६५ मध्येच लंडनला डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. कॅसेट डेकवरचं ते डॉल्बी बी बटण आठवतंय का? ध्वनिमुद्रण करताना बारीक वरचे आवाज उचलून धरायचे, वाजवताना तेवढेच खाली दाबायचे. त्यांच्याबरोबर फितीची सुसकारी खाली जाते.

---

जुना_बाजार

आठवतंय म्हणजे? आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना वाटायचं की ते बटण दाबलं की आवाज "मंद" होतो, म्हणून कायम बंद. डॉल्बीत भरलेली कॅसेट बिनडॉल्बीची ऐकायची आणि वर म्हणायचं, "काय खणखणीत आहे!"

कॅसेट भरून देणारे लोक आठवतात का? वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, ६० ची की ९० ची सांगायचं, चार दिवसांनी या. आमच्या इथला माणूस यादी बघून दुरुस्त्या करायचा. "ह्या गाण्यानंतर हे नको, पट्टी एकदम उतरते." शेवटी दीड मिनिट उरलं तर स्वतःच्या मनानं काहीतरी घालायचा. मला निम्मं संगीत त्या उरलेल्या दीड मिनिटांतून कळलंय. शास्त्रीय हवं असेल तर मात्र तो सरळ सांगायचा, "माझ्याकडे नको, कर्वे रोडला अलूरकरांकडे जा."

---

मांडवातला

लेट आलो. वाचून काढलं सगळं. मी थोडा वेगळ्या जातीचा आहे. मला गणपतीतल्या स्पीकरवाल्यानं नाद लावला. नाकं मुरडायची असतील तर आत्ताच मुरडून घ्या.

स्पीकरच्या भिंती नव्हत्या तेव्हा. खांबाला कर्णे आणि मांडवात एक अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर. चौकातून पार दुसऱ्या टोकापर्यंत बारीक वायर गेलेली असायची. मी सातवीत. मी विचारलं, एवढ्या लांब आवाज कसा पोचतो, वायर तर घरच्या बल्बसारखी आहे? त्यांनी मला शेजारी बसवून सांगितलं: करंट जास्त असेल तर तारेतच जिरतो, म्हणून इथे व्होल्टेज वाढवून पाठवायचं, १०० व्होल्ट लाइन, आणि प्रत्येक कर्ण्यापाशी ट्रान्सफॉर्मरनं परत उतरवायचं. "वीज मंडळ करतं तेच." शाळेत जे वर्षभर समजलं नाही ते आरतीच्या आधी पाच मिनिटांत समजलं.

आणि हो, रात्री दहाला ते स्वतः बंद करायचे. पोलीस यायच्या आधी.

---

टपरीवरचा_टीकाकार

आता इथे डेसिबल, लक्ष्मी रोड आणि विसर्जन सुरू होणार. धाग्याचं काश्मीर व्हायला तीन... दोन...

---

प्रतिध्वनी

नाही होऊ देणार. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. नियम २००० सालचा आहे. झालं, पुढे चला.

---

काळी_चार

@डावा_स्पीकर, तुझ्या घूंचं काय झालं? सगळे आपापल्या आज्या-काकांत रमले.

एक सुचवते. आपली वीज ५० हर्ट्झची. ओहम्‌शांती काका चुकलं तर कान धरा, पण फिल्टर कपॅसिटर गेला तर घूं १०० ची येते ना, आणि तारा-अर्थिंगची भानगड असेल तर ५० ची? १०० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ पांढरी पाच, किंचित चढी. तुझ्याकडे खर्ज आणि नर अशा दोन सुरांची पेटी (हार्मोनियम) असेल तर सगळ्यात डावीकडची पांढरी पाच खर्जाच्या सुरात दाब. घूं तिच्याशी मिळाली, बारीक डोल आला, तर कपॅसिटर. घूं तिच्याही खाली एक सप्तक बसली तर अर्थिंग बघ.

---

साडेबावीस

ताई, मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप फुकट मिळतं :)

---

काळी_चार

पेटी घरात असताना?

---

ओहम्‌शांती

कान धरायची वेळ आली ती माझीच. चाळीस वर्षांत हे सुचलं नाही. बरोबर आहे: रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो म्हणून १००. व्हॉल्व्हच्या हीटरकडून किंवा उघड्या तारेतून शिरली तर ५०. आमचे मालक ऐकून सांगायचे ते हेच असणार, फक्त त्यांना पट्टी माहीत नव्हती.

---

नारायणपेठी_म्हातारा

वडील असते तर ह्या बाईंना घरी चहाला बोलावलं असतं.

---

डावा_स्पीकर

अहवाल. (आठ दिवस गायब होतो, क्षमस्व.)

६० चा बल्ब मिळाला, फळी झाली. बल्ब उजळला, मंद झाला. पेटी शेजारच्या आजोबांकडून आणली. ते स्वतःही आले आणि भाता त्यांनीच मारला. पांढरी पाच! अगदी खेटून, मधे तो बारीक डोल. आजोबा म्हणाले, "यंत्र सुरात आहे की, दुरुस्त काय करताय?"

मग बुधवार पेठ. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "व्हॉल्व्हचं काही काढलंत वाटतं." काका, तुम्ही सांगितलं तसं आधी चार्ज उतरवला, एक हात खिशात. जुने अ‍ॅल्युमिनियमचे दोन कॅन काढले, नवे लावले. ट्रान्सफॉर्मरला हात लावला नाही. त्यातले वेढे मोजलेले आहेत.

घूं गेली. स्पीकरला कान लावला तरी काही नाही.

रविवारी तो घेऊन काकूंकडे गेलो. हॉलमध्ये जोडला, व्हॉल्व्ह तापू दिले, गाणं लावायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "काकू, या." त्या तिथूनच म्हणाल्या, "लागला नाही का रे?" म्हटलं, लागलाय. "मग आवाज कुठाय?" मला वाटलं गाण्याबद्दल म्हणतायत. गाणं लावलं. येऊन बसल्या, ऐकलं सगळं. छान झालंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी ह्यांचा फार घूं करायचा. दुपारी ऐकता ऐकता झोपून जायचे. गाणं संपलं तरी घूं चालूच, त्यावरून मला कळायचं. मग मी येऊन बटण बंद करायची."

त्यावर मला काही बोलायला सुचलं नाही. चहा घेतला आणि निघालो. अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्याकडेच ठेवून आलोय, नातीला फोन जोडता येतो.

---

टपरीवरचा_टीकाकार

(आज विनोद नाही.)

---

ओहम्‌शांती

काम व्यवस्थित केलंस. जुने कपॅसिटर परत लावायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाक. फुटतात.

---

डावा_स्पीकर

आला होता, काका. नाही लावणार.

---

नारायणपेठी_म्हातारा

'अज्ञात १' आणि 'अज्ञात २' नातवानं फोनवर घेऊन दिल्या आहेत. धाग्यावर कशा चढवायच्या ते कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगा. पहिल्या तबकडीत तंबोरा उजवीकडे मागे आहे असं मला वाटतं. वडील म्हणायचे डावीकडे. भोंगा एकच होता, त्यामुळे दोघंही चूक.

---

जुना_बाजार

@डावा_स्पीकर, ते जुने दोन कॅन टाकणार असशील तर मला दे. शोभेला ठेवतो.

---

डावा_स्पीकर

नाही.